गोदभराईचा हॉल बुक झाला, दाखल्याचं काय?

हिंगण्यात आपल्या घरांत बाळ येणार म्हटलं की सातव्या महिन्यात गोदभराई होते. हल्ली त्यासाठी हॉल लागतो, फुग्यांची कमान लागते. पाळणा ऑनलाइन येतो. अकीक्याच्या बकऱ्याचा भावही विचारून झालेला असतो. आणि जन्माचा दाखला? 'त्याची काय घाई, शाळेत नाव घालताना काढू.'

हे वाक्य आता आपल्या घरांतून हद्दपार झालं पाहिजे.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, लायसन्स, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा एकच, जन्मदाखला. आपल्या वडिलांचं अख्खं आयुष्य शाळेच्या टीसीवर निभावलं. या मुलांचं निभणार नाही.

नोंदणीची मुदत २१ दिवस. तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून भागतं, पुढे वर्षभर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. त्या उशिराच्या दाखल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. बांगलादेशी घुसखोरांना दाखले दिल्याचे आरोप झाले, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने असे दाखले देणं थांबवलं, मालेगावच्या प्रकरणासाठी विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. उशीर म्हणजे घुसखोरी, हे समीकरण साफ खोटं आहे. घरी बाळंत झालेली बाई, कामासाठी गाव सोडलेला मजूर, यांचे दाखले उशिराच निघतात, धर्म कोणताही असो. या समीकरणाविरुद्ध लढायचंच आहे. पण एकविसाव्या दिवसाच्या आत मोफत मिळणारा कागद न घेता त्या लढाईत आपलंच लेकरू उभं करण्यात कसली बहादुरी?

काही जण म्हणतात, जन्माआधी कागदांची तयारी केली की नजर लागते. फुग्यांच्या कमानीने लागत नाही वाटतं! कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हेही जाता जाता आठवावं.

खरी अडचण नावाची. माझा दिवस डेटाबेसमध्ये जातो, म्हणून सांगतो: संगणकाला 'शेख' आणि 'शैख' ही दोन वेगळी माणसं दिसतात. मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद आणि नुसतं 'मो.' ही चार. आईच्या आधारवर 'शबाना बी', दहावीच्या सनदेवर 'शबाना परवीन', निकाहनाम्यात आणखी तिसरंच. नव्या कायद्याप्रमाणे नोंदणीत आई-वडिलांचे आधार क्रमांकही, असल्यास, द्यायचे आहेत. शिवाय १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाचं नाव लिहायचा क्रम ठरलेला आहे: बाळ, आई, वडील, आडनाव. ज्यांच्या घरात 'शेख' पुढे लागतं आणि आडनाव असं काही नसतंच, त्यांनी काय लिहायचं ते दवाखान्याच्या काउंटरवर ठरवायचं का? तिथे फॉर्म भरतो तो नेमका हजर असलेला मेहुणा. जे कानाला येईल ते लिहितो.

दुसरी गोष्ट जागेची. नोंद राहत्या घराच्या नव्हे, बाळ जिथे जन्मलं तिथल्या कार्यालयात होते. सासर वानाडोंगरीला, माहेर कामठीला, बाळंतपण नागपुरात: मग नोंद नागपूर महानगरपालिकेत. हे आधी माहीत नसलं की तीन कार्यालयं फिरण्यात आठवडा जातो. नाव सातव्या दिवशी ठेवलं तरी चौदा दिवस हातात राहतात. नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही. ते नंतर घालता येतं.

हे काम बापाचं आहे. बाई नऊ महिने तिच्या वाट्याचं करतेय. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या भावांनो, सातव्या महिन्यातली एक सुट्टी घ्या. दोघांचे आधार, निकाहनामा, सनदा समोर ठेवा, स्पेलिंग जुळवा, आधार आधीच दुरुस्त करून घ्या आणि बाळाच्या नावाचा क्रम मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून बाळंतपणाच्या पिशवीत टाका.

आणि मशिदींच्या कमिट्यांना एक विचारणं आहे. इफ्तारसाठी मंडप घालता येतो, तर महिन्यातल्या एका जुम्म्याला, नमाजनंतर, दारात एक टेबल आणि फॉर्म समजणारी दोन मुलं का बसवता येत नाहीत? हिंगणा रोडवर इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, मुलं मिळतील. टेबल मी आणतो.