घराची किंमत आणि कष्टाची किंमत

महागाईची चर्चा आपल्याकडे तूरडाळ, कांदा, खाद्यतेल आणि गॅसचा सिलिंडर यांच्याभोवतीच फिरत राहते. कांदा कडाडला की मथळे सजतात, मंत्र्यांना खुलासे करावे लागतात. घराच्या किमतीचे तसे होत नाही. घर ही आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घ्यायची वस्तू. ते किती महागले हे ज्याचे त्यालाच कळते, आणि तेही बहुधा मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर. मुलाचे स्वतःचे घर आहे का, हा प्रश्न कोल्हापुरात आता पत्रिकेच्याही आधी विचारला जातो.

घरांच्या किमतींनी पगाराला आणि रोजच्या खर्चाला मागे टाकले आहे काय? रिझर्व्ह बँकेच्या घरकिंमत निर्देशांकाने २०१०-११ साली शंभर धरलेली किंमत २०२३ च्या सुमारास जवळपास तिप्पट झाली. त्याच काळात किरकोळ महागाई दुपटीच्या थोडी वर गेली. घरांची मोठी उडी पहिल्या पाच-सहा वर्षांतली आहे. २०२३-२४ मध्ये तर घरे वर्षाला चार-पाच टक्क्यांनीच वाढली आणि महागाई सरासरी ५.४ टक्के होती. यावरून कोणी ‘घरे आता स्वस्त होत आहेत’ असा निष्कर्ष काढील, तर त्याने तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला सांगून पाहावा. एकदा वर चढलेली किंमत तिथेच ठाण मांडून बसते. शिवाय हा निर्देशांक दीर्घकाळ दहा शहरांपुरता होता आणि त्यांत महाराष्ट्रातील एकटी मुंबई होती. २०२५ च्या नव्या मालिकेत शहरे अठरा झाली, पण कोल्हापूर त्यांतही आले नाही.

पगाराचे काय झाले? सहाव्या वेतन आयोगाने २००६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान वेतन ७,००० रुपये ठरवले, सातव्याने २०१६ पासून १८,०००. जुलै २०२४ चा ५३ टक्के महागाई भत्ता धरला, तर ते २७,५४० होते. अठरा वर्षांत जवळजवळ चौपट. सरकारी नोकर महागाईबरोबर चालत राहिला, हे मान्य केले पाहिजे. पण कोल्हापूर हे काही सरकारी नोकरांचे गाव नव्हे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, उद्यमनगरच्या यंत्रशाळांत, लक्ष्मीपुरीच्या दुकानांत राबणाऱ्या माणसाला ना वेतन आयोग लागू, ना सहामाही भत्ता. आणि ज्यांना भत्ता आहे, त्यांचा तरी हिशेब पुरा आहे काय? २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात घराचा भार जेमतेम दहा टक्के होता, आणि तोही भाड्याचा. घर विकत घेण्याची किंमत त्यात मोजलीच जात नव्हती. ज्या वस्तूसाठी माणूस वीस वर्षे कर्ज फेडतो, ती महागाईच्या मोजपट्टीबाहेर!

हे वीस वर्षांचे गणितही पाहण्यासारखे आहे. तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे २६,००० रुपये आणि एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात. पती-पत्नी मिळून चाळीस हजार मिळवत असतील, तर हप्ता जाऊन चौदा हजारांत किराणा, शाळेची फी, आईवडिलांची औषधे आणि दुचाकीचे पेट्रोल बसवायचे. ज्यांनी २०२१ साली पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज काढले, त्यांना मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहावर गेल्यावर हप्ता किंवा मुदत वाढल्याचा अनुभव आलाच असेल.

पण व्याजदर हे कोल्हापूरच्या दुखण्याचे मूळ नव्हे. विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळीकडेच वाढली. येथे खरी महागली आहे ती जमीन. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, परंतु हद्द जिथे होती तिथेच राहिली. पुढे पन्नास वर्षे ती वाढली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाख लोक होते. त्यातच पंचगंगेची पूररेषा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळीपर्यंत पाणी आणून नदीची हद्द कुठवर आहे ते दाखवून दिले. उरलेल्या जमिनीवर साऱ्यांचीच नजर: येथल्या नोकरदाराची, पुण्यात स्थिरावलेल्या मुलाची, ऊस आणि व्यापारातला पैसा सुरक्षित ठेवू पाहणाऱ्याची. ज्याला हे परवडत नाही तो गुंठेवारीकडे वळतो. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. आधी घर, मग रस्ता, मग गटार, शेवटी परवानगी असा हा उलटा क्रम आहे.

याच गावात हा क्रम कधी काळी सुलटा होता. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली. पुढे राजाराम महाराजांच्या नावाने राजारामपुरी उभी राहिली. तिच्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की ध्यानात येते, जमीन आधी आखली गेली, माणसे नंतर आली.

आपल्या मध्यमवर्गालाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. ठेवीवरचे व्याज घटले की दुसरी सदनिका घ्यायची आणि कुलूप लावून ठेवायची, ही रीत आपल्यातही रुळली आहे. सरकारनेही तिला हात दिला. २०१९ च्या अर्थसंकल्पाने दुसऱ्या घराच्या कल्पित भाड्यावरील कर माफ केला. त्याच वर्षी पहिले परवडणारे घर घेणाऱ्याला व्याजावर दीड लाखाची जादा वजावट मिळाली खरी, पण मार्च २०२२ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती उरली नाही. कुलूप लावलेल्या घराची सवलत चालू राहिली, चुलीच्या घराची संपली. त्या कुलपाआड ज्याचे घर अडले, तो बहुधा आपल्याच नात्यातला असतो. मग तो पुण्याची वाट धरतो. पेठेतल्या घरात आजी-आजोबा उरतात आणि नातवंडे गणपतीला येतात. एकत्र कुटुंबाच्या विघटनाचे खापर नेहमी विचारांच्या बदलावर फुटते. दोन खोल्यांत दोन संसार मावत नाहीत, हे साधे कारण कोणी सांगत नाही.

हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची भीती अनाठायी नाही. घरपट्टी वाढेल आणि शेतावर आरक्षण पडेल, हे त्यांनी इतरत्र पाहिले आहे. त्यातून वाट काढण्यासाठी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. त्याने केवळ बांधकाम परवान्यांवर समाधान मानू नये. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे. तीत अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, गटारे, मोकळ्या जागा आखल्या जातात आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा आखीव भूखंड परत मिळतो. क्षेत्र घटते, मोल वाढते. पाचगाव, उचगाव, कळंब्याच्या बाजूला पूररेषेबाहेर अशी एक योजना आधी पुरी करून दाखवावी, तिच्यातले काही भूखंड दोन-दोन खोल्यांच्या घरांसाठी कामगारांच्या सहकारी संस्थांना राखून ठेवावेत, आणि मग त्या गावांपुढे हद्दवाढीचा विषय काढावा.