गर्भस्थाचा दावा

गेल्या पंधरवड्यात आमचे एक जुने विद्यार्थी महालातून मुद्दाम भेटीस आले. हे गृहस्थ नुकतेच आजोबा झाले आहेत. त्यांची सून, सातवा महिना असता, वर्धा रस्त्यावर मोटारीच्या धक्क्याने पडली. मूल चार दिवसांतच, अपुऱ्या दिवसांचे, जन्मले. जीव वाचला, परंतु दृष्टी अधू राहिली. आता सुनेच्या दुखापतीपुरती तडजोड करण्यास विमा कंपनी तयार आहे. "गुरुजी, सही करून मोकळे व्हावे म्हणतो. पोर तर तेव्हा जन्मलेच नव्हते, त्याचा दावा कसला?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांस थांबविले. का थांबविले, ते वाचकांसही सांगणे अगत्याचे वाटते.

जन्मापूर्वी मनुष्यास हक्क असू शकतो, ही गोष्ट महाराष्ट्रास तरी नवी नसावी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा वध झाला, तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नावाने कारभार चालविला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. एवढी थोर गादी एका गर्भासाठी राखली गेली! (कन्या होती तर काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) वाटणीच्या वेळी गर्भात असलेल्या पुत्राचा हिस्सा मिताक्षरेनेही मानिला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २० वे कलम तर मुलगा-मुलगी असा भेदही करीत नाही. अपत्य जिवंत जन्मले म्हणजे झाले.

पण हे सारे वाड्याचे आणि वतनाचे झाले. डोळ्यांचे, हातापायांचे काय? येथे मात्र विलायती न्यायालयेही बराच काळ अडखळली. १८९० च्या सुमारास आयर्लंडात रेल्वेच्या अपघातात एक गरोदर स्त्री सापडली व तिचे मूल व्यंग घेऊन जन्मले. न्यायालयाने मुलाचा दावा फेटाळला. कंपनीने भाडे मातेचे घेतले होते, गर्भाची तिला वार्ताही नव्हती! खिडकीवर गर्भासाठी अर्धे तिकीट मागावयास हवे होते की काय, कोण जाणे. पुढे १९३३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्ट्रियलच्या ट्राममधून उतरताना पडलेल्या स्त्रीच्या, वाकड्या पावलांच्या मुलीस भरपाई देवविली. इंग्लंडाने तेवढ्यासाठी कायदा केला तो १९७६ साली.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि वाट अगदीच बंद आहे असेही नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडासंबंधी ३ ऑक्टोबर १९९१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने संभाव्य पीडितांत, तोवर न जन्मलेल्या परंतु त्या विषामुळे जन्मजात व्यंग ठरणाऱ्या, मुलांचाही समावेश केला. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील ६ व्या कलमान्वये तर 'अज्ञान' या शब्दात गर्भस्थ अपत्यही येते. शिवाय अज्ञानाच्या वतीने दाव्यात तडजोड करावयाची तर न्यायालयाची अनुज्ञा लागते, हा दिवाणी दंडक आहेच. आजोबांच्या एका सहीने नातवाचे डोळे निकालात निघू नयेत, याचीच ती तजवीज होय.

मात्र स्वस्थ बसणेही बरे नव्हे. मोटार अपघाताच्या अर्जास २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट घातली आहे, आणि या अपघातास चार महिने होऊन गेले. त्याहून बिकट गोष्ट पुराव्याची. दृष्टी गेली ती अपुऱ्या दिवसांमुळे, आणि दिवस अपुरे राहिले ते त्या धक्क्यामुळे, हे दोन्ही दुवे जोडून दाखवावे लागतात. तेव्हा अपघातापूर्वी गर्भ सुखरूप होता, हे दाखविणारे तपासणीचे कागद हवेत. आम्ही तसे विचारताच गृहस्थ विचारात पडले. पहिल्या तपासण्या सुनेच्या माहेरी भंडाऱ्यास झाल्या होत्या, आणि ते कागद विहीणबाईंच्या कपाटात आहेत की रद्दीत गेले, हे त्यांस ठाऊक नव्हते. तडजोडीचा कागद त्यांनी कोराच घडी करून खिशात ठेवला. उद्या सकाळच्या गाडीने ते भंडाऱ्यास जाणार आहेत.