हेगच्या न्यायासनापुढें पोर्तुगाल : दोन वेळां

लहान राष्ट्राला मोठें सैन्य पोसवत नाहीं आणि त्याच्या तिजोरीचा धाकहि कोणास वाटत नाहीं. जगाच्या व्यवहारांत तें ज्यांवर विसंबतें तीं साधनें दोनच : कायद्याचा आधार आणि स्वतःच्या शब्दाची पत. पेढीची पत आणि राष्ट्राची पत यांत फारसा भेद नाहीं. एकदां गेली म्हणजे ती परत मिळवावयास बरीच वर्षें लागतात. अशाच एका लहान राष्ट्राच्या शब्दाचा हिशेब या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा आहे. राष्ट्र दूरचें खरें, पण गोव्याच्या द्वारें त्याचा आपल्याशीं साडेचारशें वर्षें संबंध आला. तें राष्ट्र म्हणजे पोर्तुगाल. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी.

आमची गोवंडी ज्या साष्टी-तुर्भ्याच्या टापूंत मोडते, तो टापू १५३४ सालीं गुजराथच्या सुलतान बहादूरशहानें वसईच्या तहान्वयें पोर्तुगिजांस देऊन टाकला. पुढें १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालीं मराठ्यांनीं साष्टी आणि वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनीं घेतली. तीन वेळां धनी बदलला. पण येथील कोळ्यास, आगऱ्यास किंवा कुणब्यास ‘तुम्हांस कोणाचें राज्य हवें?’ असें एकदांहि कोणीं विचारलें नाहीं. त्या काळीं तशी रीतच नव्हती. मुलूख कागदावर लिहून दिला जाई आणि मुलुखाबरोबर माणसेंहि जात. स्वयंनिर्णयाचें तत्त्व म्हणजे या जुन्या रीतीचा उलटा न्याय : आधीं माणसें, मग मुलूख.

वसई गेल्यानंतर चाळीस वर्षांनीं, १७७९ सालीं, पुण्याच्या दरबाराशीं पोर्तुगिजांचा तह झाला. दमणच्या बाजूस सालीना १२,००० रुपये वसुलाचा मुलूख त्यांस तोडून द्यावा असें त्यांत ठरलें, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनीं दादरा व नगरहवेलीचीं गांवें त्यांच्याकडे लावून देण्यांत आलीं. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत स्वयंसेवकांनीं हीं गांवें पोर्तुगिजांच्या ताब्यांतून सोडविलीं. दमणहून तेथें जावयाचें म्हणजे भारताच्या हद्दींतूनच जावें लागे, आणि भारत सरकारनें ती वाट दिली नाहीं. १४ डिसेंबर १९५५ रोजीं पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचें सभासदत्व मिळालें, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोंच, २२ डिसेंबरला, त्यानें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतावर दावा लावला.

या खटल्यांत मराठी वाचकास विशेष गोडी वाटावी, कारण पेशवाईंतील सनदांचा अर्थ लावण्याचें काम तेथें जगांतील नामांकित न्यायाधीशांस करावें लागलें. भारताच्या वतीनें नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छगला हे त्या पीठावर बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला. मराठ्यांनीं दिलेला हक्क जहागिरीचा अथवा सरंजामाचा होता, म्हणजे वसूल घेण्याचा होता. राज्याधिकाराचा नव्हता, असें न्यायालयानें मानलें. मात्र पुढें इंग्रजांच्या अमदानींत पोर्तुगालचें स्वामित्व व्यवहारांत मान्य होत गेलें, असेंहि त्यानें सांगितलें. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांपुरता वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनीं मान्य झाला. फौज, हत्यारबंद पोलीस व दारूगोळा यांसाठीं तो ८ विरुद्ध ७ मतांनीं नाकारला गेला. आणि १९५४ सालीं भारतानें आपल्या कर्तव्याचा भंग केला नाहीं, असें ९ विरुद्ध ६ मतांनीं ठरलें.

निकाल कोणाच्या बाजूचा, याहून एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पोर्तुगालच्या मागणीचा सारा भर तह, सनदा आणि वहिवाट यांवर होता. त्या गांवांत राहणाऱ्या लोकांस काय हवें, हा प्रश्न त्या मागणींत कोठेंच नव्हता. १५३४ सालची रीतच १९५५ सालीं नव्या वेषांत उभी राहिली होती.

याच सुमारास पोर्तुगालनें शब्दांचाहि एक खेळ केला. १९५१ सालीं घटनेंत दुरुस्ती करून ‘वसाहती’ या शब्दाच्या जागीं ‘सागरपार प्रांत’ हा शब्द घालण्यांत आला. संयुक्त राष्ट्रसंघानें विचारणा केली, तेव्हां आपल्याजवळ परतंत्र मुलूख मुळीं नाहींतच, आहेत ते आमचेच प्रांत, असें उत्तर गेलें. व्याकरण शिकविणाऱ्यास हें चांगलें ठाऊक असतें कीं संज्ञा बदलल्यानें संज्ञी बदलत नाहीं. ज्या वस्तूस नांव दिलें ती वस्तु होती तशीच राहते. ज्या गोव्यांत साधी जाहीर सभा घेण्याचीहि मोकळीक नव्हती आणि जेथें ती बंदी मोडण्यासाठीं १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहियांस मडगांवीं उभें राहावें लागलें, त्या गोव्यास प्रांत म्हटल्यानें तेथील माणूस लिस्बनच्या माणसाचा बरोबरीचा होत नव्हता. १५ डिसेंबर १९६० रोजीं राष्ट्रसंघाच्या आमसभेनें ठरावांत गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यांतील मुलखांचीं नांवें घालून ते परतंत्रच आहेत असें स्पष्ट सांगितलें.

वर्षभरानें शब्दाची पत किती उरली आहे हें दिसून आलें. १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सेना गोव्यांत शिरली आणि दुसऱ्या दिवशीं पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. इंग्लंडशीं चौदाव्या शतकापासून असलेल्या मैत्रीचा पोर्तुगालला या प्रसंगीं लष्करी उपयोग झाला नाहीं. सुरक्षा मंडळांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्थान यांच्या ठरावास ७ मतें पडलीं आणि विरुद्ध ४. सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारानें तो पडला. विरुद्ध मतें देणाऱ्यांत रशियाखेरीज सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हीं राष्ट्रें होतीं. सिलोन व लायबेरिया हीं तर लहानच राष्ट्रें. बळाचा वापर करूं नये या नियमाचा लाभ लहान राष्ट्रांसच सर्वांत अधिक. तरीहि त्यांनीं या वेळीं पोर्तुगालची कड घेतली नाहीं. सात राष्ट्रांची तक्रार पोकळ होती असें मी म्हणत नाहीं. राष्ट्रसंघाच्या सनदेंतील तो नियम भारतालाहि लागू होता, आणि शांततेचा उपदेश जगास करणाऱ्या देशानें शस्त्र उचललें याचा विषाद परदेशांतील पुष्कळ भारतमित्रांस वाटला. पण गोव्याच्या लोकांस कधींहि न विचारणाऱ्या पोर्तुगालनें न्यायाची हांक मारली, तेव्हां ती हांक अर्धीच ऐकूं गेली.

यानंतर तेरा वर्षें पोर्तुगालनें तें सत्य मानलें नाहीं. २५ एप्रिल १९७४ रोजीं लिस्बन येथें राज्यक्रांति झाली, हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत नव्या राज्यकर्त्यांनीं वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायद्यानें मान्य केला. ३१ डिसेंबर १९७४ रोजीं दिल्ली येथें झालेल्या करारान्वयें गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचें सार्वभौमत्व पोर्तुगालनें स्वीकारलें.

आतां हेगची दुसरी खेप पाहूं. इंडोनेशियाच्या द्वीपसमूहांतील पूर्व तिमोर हाहि पोर्तुगालचाच मुलूख. १९७५ च्या ऑगस्टांत तेथें यादवी माजतांच पोर्तुगीज गव्हर्नर राजधानी सोडून जवळच्या बेटावर निघून गेला; ७ डिसेंबरला इंडोनेशियाची फौज उतरली आणि पुढल्या वर्षीं तिमोर त्या देशास जोडून टाकण्यांत आलें. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियानें तिमोरच्या समुद्रांतील तेलाविषयीं इंडोनेशियाशीं करार केला. तेव्हां २२ फेब्रुवारी १९९१ रोजीं पोर्तुगालनें ऑस्ट्रेलियावर हेगला दावा लावला. या वेळीं सनद नव्हती, वहिवाट नव्हती; युक्तिवाद एवढाच होता कीं तिमोरच्या लोकांस आपलें भवितव्य ठरविण्याचा हक्क आहे आणि तो डावलून कोणीं करार करूं नये. ३० जून १९९५ रोजीं १४ विरुद्ध २ मतांनीं न्यायालयानें दावा चालविण्यास नकार दिला, कारण इंडोनेशिया त्यांत पक्षकार नव्हता. परंतु स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगानें पाळावयाचा आहे, हें पोर्तुगालचें म्हणणें निर्दोष आहे, असेंहि त्याच निकालांत नमूद झालें. ३० ऑगस्ट १९९९ रोजीं राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं तिमोरच्या लोकांनीं मत दिलें, शेंकडा ७८.५ मतें स्वातंत्र्याच्या बाजूस पडलीं, आणि २० मे २००२ रोजीं तें राष्ट्र स्वतंत्र झालें.

गोव्याच्या वेळीं एक आणि तिमोरच्या वेळीं दुसरें, हा ढोंगीपणा नव्हे काय, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. शतकानुशतकें तिमोरवर राज्य करून ऐन संकटांत तें सोडून जाणाऱ्यानें हक्काची भाषा बोलावी, हें चमत्कारिक दिसतें खरें. तथापि दोन युक्तिवादांत एक भेद आहे. पहिल्या वेळीं पोर्तुगाल स्वतःसाठीं मागत होता. दुसऱ्या वेळीं तिमोर परत मिळावें असें त्याचें म्हणणें नव्हतें. मागणी तिमोरच्याच लोकांसाठीं होती. गोव्यावरील दावा सोडून दिला होता, म्हणूनच तिमोरविषयींचा त्याचा शब्द जगानें ऐकून घेतला.

ही कसोटी परक्यांसच लावून भागत नाहीं. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमत कौल झाला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, एवढाच प्रश्न होता. मराठी घराघरांत विलीनीकरणाची उत्कंठा होती. गोव्यांत देवळांतील कीर्तन मराठी, पुष्कळ शाळा मराठी, तेव्हां निकालहि आपलाच, असा अनेकांचा विश्वास होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनीं राजीनामा दिला होता. विलीनीकरणास १,३८,१७० मतें मिळालीं आणि विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. पुष्कळांस तो जिव्हारीं लागला. परंतु बांदोडकरांनीं तो मानला, महाराष्ट्रानेंहि मानला, आणि १९८७ सालीं गोवा स्वतंत्र घटकराज्य झाल्यावर त्याचा शेजारी म्हणून आपण आनंदानें नांदत आहों.

वर्तमानपत्रांत आज या ना त्या देशाच्या तोंडीं स्वयंनिर्णयाचा शब्द रोज येतो. घरांतील मुलें विचारतात, यांत खरा कोण? त्यांस एकच प्रश्न शिकवावा : हें राष्ट्र ज्यांच्या नांवानें बोलतें, त्या लोकांनीं उद्यां त्याच्याविरुद्ध कौल दिला तर तें राष्ट्र तो मानील काय? १९६१ पर्यंतच्या पोर्तुगालला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नव्हतें. १९६७ सालीं आपल्याला तें कृतीनें द्यावें लागलें, आणि आपण दिलें. त्या हरलेल्या कौलाची मुलांस लाज वाटूं देऊं नये.