लंबकाचे झोके आणि प्रकाशाची फणी

गेल्या पालकसभेत एका सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले, "सर, लंबकाचे झोके मोजून पोराचे पोट भरणार आहे काय? तो तास परीक्षेच्या तयारीला द्या की!" गृहस्थ रोज पहाटे मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यास जाऊन राबणारे. त्यांचा प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, काळजीचा होता. सभेच्या गडबडीत आम्हांस नीट उत्तर सुचले नाही, ते येथे देतो.

एक मीटर लांबीच्या लंबकास एक पूर्ण झोका घेण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. प्रकाश हेही आंदोलनच आहे. परंतु पिवळ्या प्रकाशाची आंदोलने एका सेकंदात सुमारे पाच कोटी कोटी, म्हणजे पाचावर चौदा शून्ये इतकी होतात. इतक्या वेगाने मोजणारे विद्युत्-यंत्र कोणाजवळही नाही. मग ती मोजावी कशी? लेसर किरणाचे अत्यंत अल्पकालीन ठोके अगदी समान अंतराने सोडले, तर त्यांच्या वर्णपटात फणीच्या दातांप्रमाणे समान अंतरावर रेषा उमटतात. दोन दातांमधील अंतर यंत्राने मोजता येण्याइतके लहान असते. फणी शून्यापासून किती सरकली आहे, तेही एका युक्तीने काढता येते. मग अनोळखी रंग कितव्या दाताजवळ पडला हे पाहिले की त्याची आंदोलनसंख्या हाती आली. घड्याळात जलद चाक दातांच्या योगाने सावकाश चाकाशी जोडलेले असते, त्यातलाच हा प्रकार. या कार्याबद्दल जर्मनीचे हेन्श व अमेरिकेचे हॉल यांस २००५ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

हेन्श यांस ही फणी कशासाठी हवी होती? हायड्रोजनच्या अणूचा एक रंग पूर्वीपेक्षा अधिक अचूक मोजण्यासाठी! त्याने पोट भरेल काय, असे त्यांसही कोणी विचारले असते तर ते काय सांगते?

आरंभीच्या या फणीस एक मोठे मेज व्यापून टाकणारी सामग्री लागे. २००७ साली जर्मनीतच गार्खिंग येथील माक्स प्लांक संस्थेत किपेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी काचेच्या एका सूक्ष्म कड्यात प्रकाश फिरवून फणी काढून दाखविली. कड्यात फिरता फिरता प्रकाश इतका तीव्र होतो की एका रंगातून समान अंतरावरचे नवे रंग जन्म घेतात. तथापि हे रंग पुष्कळदा बेशिस्त असत. त्यांस शिस्त लागली ती २०१४ च्या सुमारास, एकाकी लाटेच्या योगाने. ही लाट पहिल्याने कोणी पाहिली, तीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १८३४ साली स्कॉटलंडमधील एका कालव्यात नाव एकाएकी थांबली आणि तिच्यापुढे उठलेला पाण्याचा उंचवटा न पसरता, न मोडता पुढे चालू लागला. रसेल नावाचे अभियंते घोड्यावर बसून त्याच्या मागे धावले. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहून लाटा पाहणाऱ्या आमच्या मुलांस हे वेड समजावून सांगावे लागणार नाही.

आता उपयोग. काचतंतूतून संदेश धाडताना प्रत्येक रंगास निराळा लेसर लागतो. एक फणी अनेक रंग एकदम पुरविते. २०२० साली मेलबर्न येथे अशा एकाच चकतीच्या बळावर, पूर्वीच घातलेल्या पाऊणशे किलोमीटरहून लांब काचतंतूतून सेकंदास ४४ लक्ष कोटी बिटे धाडण्यात आली. आमच्या नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या बाजूस जी प्रचंड माहितीकेंद्रे उभी आहेत, त्यांस अशा साधनाची निकड भासेल हे उघड आहे. उद्याच सर्वत्र ही चकती बसेल असे मात्र आम्ही म्हणत नाही. वृत्तपत्रांचे मथळे विज्ञानाच्या नेहमी दोन पावले पुढे धावतात. पुण्याच्या आयुका संस्थेने यिटर्बियमच्या आयनावर चालणारे प्रकाशघड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले आहे. अशा घड्याळाचे ठोके मोजावयास फणीच लागते.

दूरचे दाखले कशाला? आमच्या बंदराच्या पलीकडे कुलाब्यास १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली, ती गलबतांस अचूक वेळ मिळावी म्हणून. पुढे तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही नोंद होऊ लागली. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे जे भयंकर चुंबकीय वादळ झाले, ते तेथील निरीक्षकांनी टिपून ठेविले. त्या आकड्यांचा त्या दिवशी कोणास काडीचा उपयोग नव्हता. आज मात्र, तसे वादळ पुन्हा आले तर उपग्रहांचे व वीजवाहिन्यांचे काय होईल हे अजमावताना शास्त्रज्ञ कुलाब्याचीच नोंद उघडतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागेस हलविले. ते आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे, आणि आमच्या किती विद्यार्थ्यांनी ते पाहिले आहे?

म्हणून तो तास आम्ही सोडणार नाही. परीक्षेच्या तयारीस शनिवारी अधिक वेळ बसू. त्यास आमची ना नाही. त्या सद्गृहस्थांनी एखाद्या सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत अवश्य यावे. वीस झोक्यांऐवजी शंभर झोके मोजले म्हणजे चूक किती घटते, ते त्यांचे चिरंजीवच त्यांस दाखवितील. गेल्या महिन्यात त्यांची मोजणी दोनदा चुकली, आणि तिसऱ्यांदा कोणी न सांगता ते पुन्हा पहिल्यापासून मोजावयास बसले होते.