वकील घरचा, पण कोणाच्या घरचा?

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक दिवस नुसतं बसून पाहावं. बाकावर बायका बसलेल्या असतात. ठेवणीतली साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत आधार कार्ड. पुरुष मात्र उभे असतात. आतबाहेर करत असतात, झेरॉक्स काढत असतात, एजंटाशी बोलत असतात. नंबर लागला की कोणीतरी हाक मारतं, "चला मावशी." कॅमेऱ्याकडे बघा, इथे अंगठा, इथे सही. दहा मिनिटांत बाई बाहेर. कागदात काय लिहिलंय, असं विचारलं तर ती म्हणते, "वकिलांनी बघितलंय ना सगळं." कोणाच्या वकिलांनी? यावर ती आपल्याकडे नवलानं बघते. "घरचेच आहेत ते!"

घराच्या खरेदी-विक्रीत बाईचं जे नुकसान होतं, त्याचं मूळ मला या दोन शब्दांत दिसतं: घरचेच आहेत.

आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. वय साठीच्या आसपास, नवरा वारलेला. तालुक्याच्या गावी नवऱ्याच्या नावावर दुमजली घर. मुलगा म्हणाला, हे विकू, पुण्यात फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू. विक्री सोपी व्हावी म्हणून आईनं आणि बहिणीनं आपापला हिस्सा त्याच्या नावे सोडावा असं ठरलं. घरच्या वकिलांनी हक्कसोडपत्र केलं. घर विकलं गेलं, फ्लॅट आला, तो मुलाच्या एकट्याच्या नावावर. पुढे पटेना. आज ही बाई मुलीकडे राहते आणि जावयाच्या घरात आपण किती दिवस काढायचे याचा हिशेब रोज करते.

आम्ही त्या वकिलांना जाऊन भेटलो. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, यात फसवणूक कुठे आहे? मी मुलाचा वकील होतो. फी त्यानं दिली. त्याला हवं होतं ते काम मी केलं."

राग आला तरी हे कबूल करायला हवं की ते खोटं बोलत नव्हते. वकील हा त्याच्या पक्षकाराचा असतो. आई आणि मुलगी समजत होत्या की इथे एक वकील आहे आणि तो सगळ्या घराचा आहे. प्रत्यक्षात एका पुरुषाच्या बाजूला वकील होता आणि दोन बायकांच्या बाजूला कोणीच नव्हतं.

या बाईनं स्वतःचा वकील केला असता तर काय झालं असतं? कोर्टकचेरी झाली असती असं नाही. त्यानं एवढंच विचारलं असतं की हक्क सोडायची गरजच काय? नवऱ्याच्या माघारी बायको, मुलगा, मुलगी तिघंही वारस आहेत. तिघांनी मिळून खरेदीखतावर सह्या करा, तिघांचे पैसे तिघांच्या खात्यांवर जाऊ द्या, नव्या फ्लॅटच्या करारात आईचं नाव घाला. आणि हक्क सोडायचाच असेल तर "आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर" एवढी एक ओळ कागदात लिहा. ही ओळ असती तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो कागद रद्द करून मागणं सोपं झालं असतं. ओळ नाही, म्हणून आता सगळा वाद पुराव्याचा. एका ओळीची किंमत एक घर!

कायदा बाईच्या बाजूनं बराच सरकला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. महाराष्ट्रानं १९९४ साली तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं बसवलं, मात्र आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्रानं हा हक्क देशभर दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ काय? बहिणीची सही लागते. म्हणून तर भाऊ तिला मानानं बोलावतो. दिवाळीला साडीचोळी होते, भाऊबीज जरा जड होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी कचेरीकडे वळते. नाही म्हणावं तर माहेरचं दार बंद. घर विकायचं तर मुद्रांक शुल्क लाखांत जातं. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे सोडायचा तर काही शे रुपयांचा मुद्रांक पुरतो. बाईनं हक्क सोडणं आपल्याकडे इतकं स्वस्त आणि सोपं करून ठेवलं आहे. मुस्लिम, ख्रिश्चन बायकांचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण त्या कचेरीतल्या बाकावर त्याही अशाच बसलेल्या असतात.

विक्रीत जे, तेच खरेदीत. बिल्डर म्हणतो, आमचे वकील आहेत, करार तयार आहे, तुम्ही फक्त सही करा. ते वकील बिल्डरचे. बँक म्हणते, आमच्या पॅनेलवरच्या वकिलांनी सर्च रिपोर्ट दिला आहे, काळजी नको. ते वकील बँकेचे. आपलं कर्ज सुरक्षित आहे ना, हे बँकेनं त्यांच्याकडून पाहून घेतलेलं असतं. एजंटही एखादा वकील सुचवतो. त्या वकिलाकडे पुढची दहा कामं एजंटाकडून यायची असतात, तुमच्याकडून एकच. मग कागदात खोट दिसली तर तो व्यवहार मोडेल का?

आणि नवऱ्याचा वकील. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सुरुवातीला अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. २०२३ साली ती अट काढली गेली. आपलं घर कोणाला विकायचं हे बाईनं ठरवावं, म्हणून अट गेली ते योग्यच. पण ठरवतं कोण? एक टक्का वाचावा म्हणून नाव तिचं, कागद कपाटात नवऱ्याच्या, आणि त्याच दिवशी तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतलेलं, "तुला कुठे हेलपाटे घालायला लावायचे!" म्हणून. कुलमुखत्यारपत्रानं मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलं. परंतु विकण्याचा अधिकार त्यात लिहिला असेल, तर तिच्या वतीनं सही करून तो घर तिसऱ्याला विकू शकतो. हे तिला सांगणार कोण? तो कागद लिहिणारा वकील?

कोणी म्हणेल, सरकारी कचेरीत नोंदणी होते ना, तिथे तपासतील. निबंधक पाहतो ते एवढंच की सही करणारी व्यक्ती तीच आहे आणि सही आपली असल्याचं ती कबूल करते. घर खरोखर विकणाऱ्याचं आहे का, सौदा बाईच्या हिताचा आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. उलट नोंदणी झाली की तो कागद खरा धरला जातो. फसवणूक झाली हे बाईनं सिद्ध करायचं, आणि कागद रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची, फसवणूक कळल्यापासून.

मग वकील निवडायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे वकील कळतो तो ओळखीनं, आणि ओळखी कोणाच्या? कट्टा पुरुषांचा, सोसायटीची कमिटी पुरुषांची, पतपेढी पुरुषांची. म्हणून बाई वकील "निवडत" नाही, तिला तो मिळतो. ही साखळी तोडायची तर बायकांनी बायकांना विचारायला हवं. शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, बचत गटातली मैत्रीण यांच्यापैकी कोणीतरी घर घेतलं, विकलं असेल. काम कोणी केलं, कागद समजावून सांगितले का, शेवटी फी वाढवून मागितली का, हे तिला विचारा.

वकील स्थानिक असावा का? असावा, पण डोळे उघडे ठेवून. गावठाणातल्या घराचा नमुना ८, शहरातली मिळकत पत्रिका, जुने फेरफार, कोर्टात चालू असलेले दावे यांची माहिती तिथल्या वकिलाला असते. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे तो जाणतो. कोणत्या गल्लीत कोणत्या भावकीचा वाद आहे हेही त्याला ठाऊक असतं. मुंबईचा नामांकित सॉलिसिटर हे घरबसल्या सांगू शकणार नाही. पण तोच स्थानिक वकील दिराबरोबर रोज चहा पीत असेल तर? म्हणून पहिला प्रश्न त्याच्या तोंडावर विचारा: "समोरच्या पक्षाचं किंवा माझ्या घरच्या कोणाचं काम तुम्ही करता का?" उत्तर हो असेल, तर नमस्कार करून उठा. गरज पडली तर शेजारच्या तालुक्याचा वकील घ्या; दप्तर शोधायला तो इथे येऊ शकतो.

दुसरं, इसार देण्याआधी वकील गाठा. पैसे दिल्यावर आणि साठेखत झाल्यावर वकील फार तर पोटीस लावू शकतो. तिसरं, निदान तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा आणि अहवाल लेखी मागा. चौथं, फी आधी ठरवा, पावती घ्या. पाचवं, मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका, प्रती द्या. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिला आहे. सहावं, मसुदा घरी आणा, मराठीत समजून घ्या, एक रात्र जाऊ द्या. "आजच सही हवी" म्हणणारा वकील आपला नसतो. आणि त्यानं गैरवागणूक केली तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "वेगळा वकील केला म्हणजे घरात भांडण लावलं." भावानं वकील केला तेव्हा भांडण नव्हतं, बहिणीनं केला की भांडण! विश्वास असेल तर कागद दुसऱ्यानं वाचल्यानं तो तुटत नाही. तुटत असेल तर तो विश्वास नव्हता, गृहीत धरणं होतं. दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. ज्या बाईच्या हातात बसभाड्यापुरतेही पैसे नसतात तिनं फी कुठून द्यावी? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे, आणि त्यात सल्लाही येतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बायका पोटगीसाठी जातात. हक्कसोडपत्र घेऊन फारशा जात नाहीत, कारण तो "घरचा मामला" वाटतो.

इथे दोष आपलाही आहे. आपण शिबिरं घेतो, विवाहितेच्या छळाविरुद्धचा कायदा शिकवतो, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकवतो, घोषणा देतो. पण खरेदीखत, हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? इंडेक्स टू किती जणींनी हातात धरून वाचला आहे? मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा मलाही तो कोणी दाखवला नव्हता. मार खाऊन बाई आली की आपण धावतो. ती घराबाहेर का पडू शकत नव्हती, याचं उत्तर पुष्कळदा दहा वर्षांपूर्वी तिनं न वाचता सही केलेल्या कागदात असतं.

प्रत्येक संघटनेनं आपल्या तालुक्यातल्या अशा वकिलांची यादी करावी, ज्या किंवा जे बाईला पक्षकार मानतात, कोणाची आई, कोणाची बहीण मानत नाहीत. आणि सहीच्या दिवशी बाईबरोबर एक कार्यकर्ती त्या बाकावर बसलेली असावी.

तोवर एवढं तरी करू या. "चला मावशी" अशी हाक आली की उठायच्या आधी विचारायचं: हा वकील कोणाचा?