धुकं मेंदूवर, ठपका जातीवर

कोविडमधून उठलेल्या अनेकांना वाचलेलं आठवत नाही, बोलताना शब्द सापडत नाही, दोन कामांकडे एकदम लक्ष देता येत नाही. याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. आपल्याकडे मात्र तक्रार कोण करतं, यावर तिचं नाव ठरतं. सवर्ण प्राध्यापक विसरले तर ते थकलेले असतात. दलित-आदिवासी विद्यार्थी विसरला तर तो ‘कोट्यातला’ असतो. सफाई कामगार विसरला तर तो कामचुकार असतो. एकाच आजाराची ही तीन निदानं डॉक्टर करत नाही, जातव्यवस्था करते.

आधी आजाराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या आजाराने स्पष्ट न होणारी लक्षणं म्हणजे लाँग कोविड. थकवा आणि धापेसोबत आकलनातल्या अडचणींचाही तिथे उल्लेख आहे. मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांच्याकडे ७८५ लोकांच्या मेंदूचे दोन-दोन स्कॅन होते आणि त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता. बहुतेकांचा आजार सौम्य असूनही, वास आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत त्यांची सरासरी झीज इतरांपेक्षा जास्त दिसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने इंग्लंडमधल्या सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले. बरे झालेल्यांतली सरासरी घट बुद्ध्यांकाच्या ३ गुणांएवढी, लक्षणं न सरलेल्यांत ६ आणि आयसीयूत राहिलेल्यांत ९ गुणांएवढी होती.

बुद्ध्यांक म्हटलं की आपण सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. याच मोजपट्टीने अमेरिकेत काळ्या माणसांना कमी ठरवलं गेलं. पण हे आकडे मेरिटवाद्यांच्याच अंगावर उलटतात. स्मरण, एकाग्रता, झटपट उत्तर देणं ही कुणाच्या कुळाची ठेव नाही. एक विषाणू ती हलवू शकतो. मग परीक्षेच्या एका दिवशी मोजलेली हुशारी माणसाची जन्मजात लायकी कशी काय ठरते?

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात चौघंही तापाने पडलो. चाचणी फक्त वडिलांची होऊ शकली. पुढचं जवळपास दीड वर्ष मला एकेक पान तीन-तीनदा वाचावं लागत होतं. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये सादरीकरण करताना मी मध्येच अडकले, तेव्हा शिकवणारे म्हणाले, “तुमच्या लोकांचं बेसिकच कच्चं असतं.” माझ्याच वर्गातल्या एका मुलीला हाच त्रास होता. तिच्या घरात डॉक्टर होते. तिला न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी मिळाली आणि मुदत वाढली. मी अर्ज केला तेव्हा आरटी-पीसीआरचा रिपोर्ट मागितला गेला. तिला मिळालं ते योग्यच होतं. मला न मिळण्यामागे आजारातला फरक नव्हता, कागदातला होता. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तर ‘संभाव्य’ संसर्गही धरते, चाचणीचा कागद सक्तीचा करत नाही. आपल्या कचेऱ्या तिच्याहून कडक निघाल्या.

हा केवळ माझ्या वर्गाचा प्रश्न नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून होणाऱ्या भेदभावाची नोंद थोरात समितीने २००७ मध्येच केली आहे. जिथे डॉक्टर घडतात तिथली ही गोष्ट. यूजीसीचे २०२२ चे नियम पीएचडीला सहा वर्षं आणि वर दोन वर्षांची वाढ देतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लाँग कोविडचं नाव नाही. अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप पाच वर्षांची असते. घरून पैसे येणार नसतील, तर मिळालेली मुदतवाढ उपाशीपोटी काढावी लागते.

विद्यापीठाबाहेर हिशेब आणखी क्रूर आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात आशा, वॉर्डबॉय आणि रुग्णालयांतले सफाई कामगार होते. पण तो मृत्यूचा विमा होता. २०२१ मध्ये ठरलेली ५० हजारांची मदतही मृतांच्या कुटुंबांसाठीच होती. जगून जो विसरू लागला, तो कोणत्याच रकान्यात बसला नाही. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंदवलेल्या पहिल्या सुमारे ३८ हजार गटार-सेप्टिक टाकी कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. मुळात माणसाला गटारात उतरवणंच थांबलं पाहिजे. पण आज जो उतरतो आहे, त्याचं क्षणभर भान सुटलं तर गुण कापले जात नाहीत, जीव जातो.

सरकारला या आजाराची माहिती नाही असं नाही. आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्येच कोविडोत्तर त्रासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण कोविडच्या रोजच्या सरकारी आकड्यांत जातीचा रकाना नव्हता, आणि जे मोजलं नाही त्याची भरपाई मागता येत नाही. म्हणून मागण्या साध्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्मृती आणि एकाग्रतेची तपासणी व्हावी आणि तिची नोंद जात, लिंग, कामाच्या प्रकारासह ठेवली जावी. चाचणीच्या कागदाऐवजी डॉक्टरांची तपासणी ग्राह्य धरावी. आजारपणात संशोधनाची मुदत आणि फेलोशिप या दोन्हींचं घड्याळ थांबवावं. सफाई कामगारांना, कंत्राटींनाही, पगारी विश्रांती मिळावी.

आपल्या वस्तीतल्या, वसतिगृहातल्या कुणी “हल्ली डोकंच चालत नाही” असं म्हटलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी विचारा: तुला कोविड झाला होता का?