बहिणाबाईंचा संसार आणि सोपानदेवांची वही

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. आईचे नाव भिमाई, वडिलांचे उखाजी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न होऊन त्या मोठ्या खटल्याच्या घरात आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. त्यांतल्या ओंकारला तर प्लेगने कायमचे अधू केलेले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी मुले, घर आणि शेत सांभाळले.

आज त्यांना कवयित्री म्हणून ओळखतात, पण त्यांची कविता या कामांपासून वेगळी काढता येत नाही. पहाटे जाते, मग चूल, भाकरी, त्यानंतर शेतातली पेरणी, निंदणी, मळणी, उफणणी आणि दिवस कलला की पुन्हा चूल. जात्याला त्या आपल्या बोलीत घरोटा म्हणत. घरोट्याचा खुंटा हाती आला की ओवी सुचे. हाताची लय तीच ओवीची लय. फुंकून फुंकूनही न पेटणारी चूल, विहिरीवरची मोट, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, माहेरची वाट हे सारे त्यांच्या गाण्यांत आले, कारण ते रोजच्या पायाखालचे होते. घरकामाची इतकी नेमकी नोंद मराठीत क्वचितच कोणी केली असेल, आणि ती करणाऱ्या बाईला अक्षरओळख नव्हती.

त्या गात असत तेव्हा जे कानावर पडले ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवले. बाकीचे पिठाबरोबर दळले गेले. सोपानदेव स्वतः नाणावलेले कवी. तरीही अडाणी आईची खानदेशी बोलीतली गाणी सुशिक्षित वाचकांना रुचतील का, याचा त्यांना संकोच होता. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांकडची या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि हे धन महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात अवघ्या ३५ कविता होत्या. जळगावच्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचे नाव आहे; आपले शब्द छापलेले मात्र त्यांनी पाहिले नाहीत.

परदेशातल्या मराठी घरांतही अशा आया आणि आज्या आहेत. त्यांच्या ओव्या, म्हणी, त्यांच्या बोलीतले स्वयंपाकाचे आणि शेताचे शब्द सभासदांनी त्यांच्या हयातीतच, त्यांच्याजवळ बसून उतरवून घ्यावेत आणि मंडळाकडे पाठवावेत. पुढच्या अंकापासून वार्तापत्राचे एक पान त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.